गुळगुळीत रेघ

"पट्टी अजून थोडी उजवीकडे ओढा," साहेब म्हणाले. तिने ओढली नाही.

भिंतीवरच्या पडद्यावर दोन रेघा होत्या. निळी अगदी शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तांबडी करवतीसारखी दातेरी. निळी रेघ बोट टोचून तपासलेल्या रक्ताची होती: दर चार तासांनी एक टिंब, आणि टिंबांना जोडत गेलेली रेघ. तांबडी कंपनीने बनवलेल्या चकतीची. ही चकती दंडावर चिकटवायची, ती दर पाच मिनिटांनी रक्तातली साखर मोजते. साखर एकदम घसरली की चकतीने ओरडायचं आणि माणसाला सावध करायचं, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. उद्या मंजुरीवाले येणार होते, आणि साहेबांना तांबडी रेघ निळीवर चपखल बसलेली हवी होती.

आलेखांचं काम तिच्याकडे होतं. ऑफिसात तिला पाठीमागे ठिणगी म्हणायचे, आणि ते तिला माहीत होतं. आज सकाळपासून तिने बराच वेळ जीभ आवरून धरली होती.

पडद्यावर तळाशी असलेली पट्टी माउसने उजवीकडे सरकवली की आजूबाजूच्या टिंबांची सरासरी निघते आणि रेघेचे दात बोथट होतात. थोडी तिने स्वतःच सरकवली होती. माणूस हलला, चकती जराशी घासली गेली, तरी ती बरळते. तेवढं काढावंच लागतं. पण पडद्यावरची तांबडी रेघ चाचणीतल्या सात नंबरच्या माणसाची होती, आणि तिच्यात गुरुवारी दुपारी एक खड्डा होता. साहेबांना तो खड्डा नको होता.

"ताई, इस्त्री फिरवा आणि मोकळ्या व्हा," मार्केटिंगवाला म्हणाला. तो सकाळपासून असेच विनोद करत होता, आणि साहेब प्रत्येक विनोदाला हसत होते.

तिने पुन्हा एकदा समजावलं. बरळणारी रेघ वरही उडते आणि खालीही उडते. ही एकाच दिशेने खाली गेली, खालीच राहिली, मग हळूहळू वर आली. याला बरळणं म्हणत नाहीत. साहेबांनी ऐकून घेतलं आणि निळ्या रेघेवर बोट ठेवलं. रक्ताची तपासणी ती खरी, तिच्यात खड्डा नाही, म्हणजे खड्डा नाही. जुळवून घ्यायचं ते आपण, तिने नव्हे.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. निळीला टिंब होतं बाराला आणि मग थेट चारला. मधल्या वेळात कुणी बोट टोचलंच नव्हतं, नुसती दोन टिंबं जोडून सरळ रेघ ओढली होती. जिने पाहिलं तिला खोटं पाडायचं, आणि जी तिथे नव्हतीच तिला साक्षीला उभं करायचं, हा कुठला न्याय?

"सात नंबर माझी आई आहे," ती म्हणाली. "या खड्ड्यात ती स्वयंपाकघरात फरशीवर पडली होती. मी योगायोगाने लवकर घरी गेले, म्हणून पुढची टिंबं आहेत."

कंपनी लहान होती, चाचणीच्या चकत्या सगळ्यांच्या घरच्याच मधुमेहींच्या दंडावर होत्या. नंबर कुणाचा हे ज्याचं त्यालाच ठाऊक. चाचणी पुरी होईपर्यंत चकत्यांचा भोंगा बंद ठेवायचा, असा नियम साहेबांनीच घातला होता.

साहेबांनी चष्मा काढला. आता कशा आहेत, असं अगदी मनापासून विचारलं. बऱ्या आहेत हे कळल्यावर त्यांनी चष्मा पुन्हा घातला.

"मग असं करू, आईंना वगळू," ते म्हणाले. "घरच्या माणसाच्या बाबतीत मन हळवं होणारच. बाकीचे तर छान बसतायत."

म्हणजे आई एकदा फरशीवर पडली, आणि आता इथूनही पुसायची. तिला वाटलं, समोरचा पाण्याचा जग उचलावा आणि याच्या डोक्यावर रिकामा करावा. तिने माउस उचलला.

"वगळा," ती म्हणाली. "पण बाकीचेही कुणाच्या तरी घरचेच आहेत. त्यांना एकदा इस्त्रीशिवाय बघा आणि मग सही करा."

तिने सगळ्यांच्या तांबड्या रेघा पडद्यावर घेतल्या आणि पट्टी पार डावीकडे नेली. सगळ्यांच्या रेघा एका झटक्यात दातेरी झाल्या. चाचणी अजून चालूच होती; प्रत्येक रेघ उजवीकडे आत्ताच्या घटकेपाशी थांबत होती, आणि तिथे टिंबामागून टिंब येत होतं. नऊ नंबरची रेघ मघाशी सपाट दिसत होती, कारण मागच्या टिंबांच्या सरासरीने तिला वर धरून ठेवलं होतं. आता ती दोर सुटलेल्या बादलीसारखी खाली निघाली होती.

साहेब म्हणाले, चकती सैल झाली असेल.

मार्केटिंगवाला खुर्चीतून उठला. "नऊ आमच्याकडचा आहे," तो म्हणाला. त्याच्या बायकोने सकाळी इन्शुलिनचं इंजेक्शन घेतलं होतं, आता खाऊन घेते म्हणाली होती, आणि तो घाईत निघून आला होता. हे सांगता सांगता त्याने फोन लावला. पलीकडची रिंग सगळ्यांना ऐकू येत होती.

"शेजारी कोण राहतं?" ती ओरडली. "त्यांना लावा. दार फोडा म्हणावं."

त्याला शेजाऱ्यांचा नंबर सापडेना. साहेब पट्टीकडे बघत होते, रेघेकडे नाही. रिंग वाजून वाजून बंद पडली. नऊ नंबरच्या रेघेला आणखी एक टिंब लागलं, आधीच्याहून खाली.