कोपरापुरती भूल

"दुखलं तर सांगायचं, काका. उगाच शूरपणा नको," पडद्यापलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

निवृत्त बसड्रायव्हर नुसता हुंकारला. मोडलेल्या कोपराभोवती सुया टोचून तेवढाच भाग बधिर केला होता. पूर्ण भुलीला त्याने कोपरापासून हात जोडले होते, तेही मोडक्या कोपराने. भुलीत माणूस वाटेल ते बरळतो असं त्याने ऐकलं होतं, आणि आज त्याला तोंड सांभाळायचं होतं.

बाहेर बाकावर त्याची लेक बसली होती आणि दाराशी पोलीस उभा होता. सकाळी त्यांच्या गाडीखाली एक सायकलवाला आला आणि जागीच गेला. गाडी पुढे खांबाला घासून थांबली. गाडीत बापलेक दोघंच. "चालवत मी होतो," हे त्याने पोलिसाला सांगून टाकलं होतं. लेक तेव्हापासून गप्प होती. तिला पाचवा महिना लागला होता. आपण तुरुंगात गेलो तर नातवंडाचं तोंड कधी बघणार, या विचाराने त्याचा जीव तुटत होता.

ड्रिल घरघरू लागलं. दुखत नव्हतं, पण हाड हादरताना कळत होतं. सिस्टरने त्याचा धड हात घट्ट धरला.

"बोलत राहा, काका. कोपर एवढं आपटलं कसं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"खिडकीबाहेर होतं ना. उभा जन्म प्रवाशांवर ओरडलो, हात बाहेर काढू नका म्हणून."

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" सिस्टर म्हणाली.

सकाळपासून पहिल्यांदाच त्याला हसू आलं. जरा बरं वाटलं.

"अहो, आम्हा ड्रायव्हरांची बसायची तऱ्हाच ती," तो मोकळा होऊन सांगू लागला. "डावा हात गिअरवर, दुसरा खिडकीत. झोपेतसुद्धा मी तसाच बसेन."

ड्रिल थांबलं.

"स्क्रू बसले. आता कोपर वाकवून दाखवा. अजून थोडं. अजून."

त्याने निमूटपणे वाकवलं. पडद्याच्या वर त्याची स्वतःचीच बोटं त्याला दिसली.

डॉक्टरीणबाईंनी ड्रिल ट्रेमध्ये ठेवलं. मग पडद्यावरून वाकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "काका, आत्ता तुम्ही वाकवलात तो डावा हात आहे."