पांढरा बेडूक

बाई उलट्या बादलीवर बसल्या होत्या. हातात पिठाची चाळणी, नजर बाथरूममधल्या गीझरच्या पाइपावर. पाऊण तास झाला होता. पायांना मुंग्या आल्या, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. चार वाजता मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली होती. त्याआधी बेडूक सापडायलाच हवा होता.

खरं तर बेडूक म्हटलं की बाईंच्या अंगावर काटा यायचा. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, भल्याभल्या वस्तादांना बाकावर उभं केलं, पण बेडूक दिसला की बाईच खुर्चीवर उभ्या. हे तळमजल्याचं घर घेतल्यापासून पाली, गांधीलमाश्या, एकदा तर चक्क मुंगूस, सगळ्यांशी त्यांनी जमवून घेतलं होतं. बेडकाशी मात्र काही केल्या जमेना.

दोन महिन्यांपूर्वी तो पहिल्यांदा दिसला. बाईंनी किंचाळून घर डोक्यावर घेतलं. त्यांचे यजमान धावत आले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली, म्हणून त्यांना सगळे घड्याळजीच म्हणायचे. शांत माणूस. त्यांनी बाईंना बाहेर काढलं, आत जाऊन दार लावलं आणि पाच मिनिटांनी बाहेर आले.

"कुठे काय? काही नाही गं आत. भास झाला असेल तुला."

मग ते नेहमीचंच झालं. बाईंना बेडूक दिसायचा, घड्याळजी आत जायचे, आणि आत काही नसायचं. कधी तो तपकिरी असायचा, कधी फरशीसारखा पांढराफटक. भिंतीवर सरळ चढायचा. बाईंनी हे लेकीला सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग हसायची थांबली.

"आई, बेडूक रंग बदलतो? भिंतीवर चढतो?"

तिनं वडिलांकडे पाहिलं. वडील चष्मा पुसत होते.

त्या दिवसापासून बाईंनी स्वतःचीच धास्ती घेतली. गॅस बंद केला का, हे त्या तीनतीनदा जाऊन बघायच्या. पहाटे जाग आली की उशीत तोंड खुपसून एकोणतिसाचा पाढा म्हणायच्या. न अडखळता संपला की तेवढंच बरं वाटायचं. घरी येणाऱ्या दहावीच्या मुलांची शिकवणी त्यांनी आपणहून बंद केली. जिला नसलेले बेडूक दिसतात, तिनं पोरांना गणितं काय डोंबल शिकवायची? पोरं गेल्यावर त्या दार लावून रडल्या होत्या.

आज दुपारी लेक फाइल घेऊन आली, तेव्हा मात्र बाईंनी मनाशी पक्कं केलं. बेडूक असेल तर सापडेल. नसेल तर मुकाट्यानं गाडीत बसायचं. पण हुडकल्याशिवाय बसायचं नाही.

पाइपामागे काहीतरी हललं.

बाई उठल्या. डोळे घट्ट मिटून घ्यावेसे वाटले, पण त्यांनी मिटले नाहीत. दात ओठ खाऊन त्यांनी चाळणी भिंतीवर थाडकन दाबली. जाळीला आतून चार गोल टोकांची बोटं चिकटली. मागे पांढरंफटक पोट धडधडत होतं.

"सापडला! अहो, या लवकर! सापडला मेला!"

ओरडता ओरडता त्या हसायला लागल्या. आहे! बेडूक आहे, आणि आपलं डोकंही ठिकाणावर आहे!

घड्याळजी धावतच आले. त्यांच्या हातात एक प्लास्टिकचा डबा होता. गडबडीत तो लपवायचा राहून गेला होता. बाईंनी डब्याकडे पाहिलं. तळाशी ओला कापूस. झाकणाला बारीक भोकं, अगदी एकसारख्या अंतरावर, सुबक.

बाईंचं हसू थांबलं.

"ही भोकं कधी पाडलीत?"

घड्याळजींनी डबा पाठीमागे नेला, मग पुन्हा पुढे आणला. "पहिल्याच दिवशी," ते म्हणाले. "तू घाबरतेस म्हणून. झाडावरचाच बेडूक हा, रंग बदलणारा, भिंती चढणारा. डबा सदऱ्याआड लपवून मागच्या झाडावर नेऊन सोडायचो. हा आपला परत हजर. कळलं असतं तर तू म्हणाली असतीस, चला लेकीकडे राहायला. एकदा नाही म्हणून बसलो. मग तिनं डॉक्टरांचं काढलं, तेव्हा कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"

"पहाटे मी पाढे म्हणायचे. ऐकू यायचे तुम्हाला?"

घड्याळजींनी झाकणाच्या भोकांवरून अंगठा फिरवला.

"यायचे."

"मला नुसती बेडकाची भीती होती हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही मला माझी भीती घातलीत."

घड्याळजींना मान वर करवेना. बाईंनी चाळणी बाजूला केली. बेडूक पळाला नाही, तिथेच चिकटून बसला. बाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी तो येऊ दिला. मग साबण लावून हात धुतले, केस सारखे केले आणि बाहेरच्या खोलीत आल्या.

लेक गाडीची किल्ली घेऊन दारात उभी होती. "आई, फाइल घेतलीस ना?"

"फाइल राहू दे," बाई चपला घालत म्हणाल्या. "बाबांना पुढच्या सीटवर बसव. आज डॉक्टरांशी तेच बोलणार आहेत. आणि त्याआधी, वाटेत, तुझ्याशी."