वळणावरचा आवाज

"गाडी बोलली का आपून चूप बसाचं. आधी ते बाजूले घ्याची, मंग तिले इचाराचं, काय झालं म्हणून."

हे कारभारींचं वाक्य. तीस वर्षं त्यांनी याच राजूर घाटातून मालाचा ट्रक नेला होता. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, तरी मागच्या सीटवर बसलेल्या विमलबाईंना आपल्या नवऱ्याचा तो आवाज आत्ता स्पष्ट ऐकू आला. कारण गाडी बोलत होती. टुंग, टुंग, टुंग. मग गप्प. मग पुन्हा टुंग.

विमलबाईंना मात्र बोलता येत नव्हतं. आज मंगळवार होता, अकरावा आणि शेवटचा. पहाटेची आंघोळ झाली की घाटाखालच्या देवीचं दर्शन होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असं त्यांनी कबूल केलं होतं. सुनेची, निशिगंधाची, दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला विमलबाईंनी देवीपुढं पदर पसरून अकरा मंगळवारांच्या मौनाचा नवस बोलला. आता सातवा महिना सरलेली निशिगंधा त्यांच्या शेजारीच बसली होती. वाटेत दर्शन घ्यायचं आणि तिला मोताळ्याला माहेरी पोचवायचं, असा बेत होता.

आवाजाचा शोध बुलढाण्यातच सुरू झाला होता. गाडी चालवणाऱ्या दीपकनं आधी खाली उतरून चारही दारं उघडून पुन्हा लावली. मग त्याची नजर आपल्या शेजारच्या सीटवरच्या टोपलीवर गेली. नारळ, ओटीचा खण, तांदूळ, पाण्यानं भरलेला तांब्याचा कलश. देवीचं सामान पायाशी ठेवायचं नाही म्हणून आईनं ते पुढं मानानं बसवलं होतं.

"आई, तुही देवी बेल्ट मांगून राह्यली," तो म्हणाला आणि त्यानं टोपलीला पट्टा लावला.

आवाज थांबला. निशिगंधा हसली. विमलबाईही ओठ न उघडता हसल्या.

घाट लागला आणि पहिल्याच वळणावर पुन्हा टुंग, टुंग.

दीपकनं पट्टा ओढून पाहिला, घट्ट होता. वेगाच्या काट्याजवळ एक लाल दिवाही लागून विझला. त्यानं हँडब्रेक खाली दाबला. दिवा त्याचाच आहे, म्हणाला, परवा सर्व्हिसिंग करताना गॅरेजवाल्यानं काहीतरी हलवून ठेवलं असेल. मग त्यानं गाणी मोठी केली.

गाण्याच्या खालून विमलबाई ऐकत राहिल्या. सरळ रस्त्याला आवाज नाही. फक्त वळणावर, गाडी कलली की. कलल्यावर जे वाजतं ते कुठंतरी कमी पडलेलं असतं, तेल नाहीतर पाणी, हेही कारभारीच सांगायचे.

त्यांनी दीपकच्या खांद्यावर हात ठेवला आणि थांब म्हणून तळवा पुढं धरला.

"मळमळून राह्यलं का?" दीपकनं आरशातून विचारलं. इथं थांबायला जागा नव्हती, पाच मिनिटांत देऊळ येतंच, तिथं उतर, असं त्यानं सांगितलं. विमलबाईंनी लाल दिव्याकडं बोट केलं. तो मघाच पाहिला, म्हणाला. वेग तेवढाच राहिला.

निशिगंधाचा डोळा लागला होता. एक हात पोटावर होता. खाली तीन वळणांपलीकडं देवळाचा झेंडा दिसायला लागला. एवढा उतार सरला की नेम पुरा होणार होता. विमलबाईंनी पदराचं टोक दातांत धरलं.

वळण आलं. टुंग, टुंग, टुंग. या खेपेला वळण सरलं तरी आवाज थांबला नाही.

"दीपक, गाडी थांबव."

हळूच म्हटलं होतं. पण मंगळवारी सकाळी आईचा आवाज दीपकनं अडीच महिन्यांत ऐकला नव्हता. त्याचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. ब्रेक खाली गेला, पार तळाला टेकला. त्यानं गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला, गाडी डोंगराच्या अंगाला घातली. मुरमाच्या ढिगात शिरून ती उभी राहिली.

बॉनेट उघडून दीपक बराच वेळ वाकलेला होता. ब्रेक ऑइलच्या डबीत तळाशी नुसता ओलावा उरला होता. मागच्या चाकाच्या आतून तेलाचा ओघळ गेला होता. तो उठला, पुढच्या वळणावरच्या तुटक्या कठड्याकडं पाहिलं आणि आईसमोर येऊन उभा राहिला.

"मले वाटलं बेल्टचाच…" एवढंच म्हणाला.

निशिगंधा कठड्याकडं पाहत नव्हती. तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं होतं.

"आई, तुमी बोलल्या," ती म्हणाली. "आता कसं होईन?"

विमलबाईंनी तिच्या पोटावर तळवा ठेवला. आत काहीतरी हललं, तोवर तो तिथंच राहू दिला. मग त्या उतरल्या. पुढचं दार उघडून त्यांनी टोपलीचा पट्टा सोडवला. कलश लवंडला होता. तळाला ओंजळभर पाणी होतं, ते तसंच जपून त्यांनी तो सरळ केला. चपला काढून सीटखाली सारल्या.

मिस्त्रीला फोन केला आहे, दुसरी गाडीही येईल, ऊन चढलं आहे, असं दीपक सांगत राहिला. उघड्या दारामुळं गाडी पुन्हा वाजायला लागली. त्यानं लगेच किल्ली काढून घेतली. घाट एकदम शांत झाला.

"आई," निशिगंधानं हाक मारली.

विमलबाईंनी वळून पाहिलं. ओठ पुन्हा मिटलेले होते. टोपली डोक्यावर घेऊन, एका हातानं तोल सावरत, त्या अनवाणी पायांनी उतार उतरू लागल्या.