ढाक्याला पोचलेली चव

यंदा भारत आणि बांगलादेशाचं बिनसलं आणि ढाक्याचे व्यापारी रफीकभाई यांना व्हिसाच मिळेना. दरसाल ते तामलवाडीला येत, कोंडीरामअण्णांच्या द्राक्षबागेतला एक मणी चाखत आणि मगच सौदा करत. त्यांनी नाही म्हटलं, तर पिकलेली सगळी द्राक्षं वेलीवरच राहणार होती.

"घ्या की भाई, लई गोड हाय," अण्णा व्हिडिओ कॉलवर घड दाखवत म्हणाले.

"अण्णा, अपना अंगूर तो आप मीठा ही बोलेगा. वो बच्ची को खिलाओ."

दीड वर्षाची ओवी आईच्या कडेवर होती. अण्णांच्या सुनेनं, सोनालीनं, एका मण्याची साल काढली, तो अर्धा केला आणि लेकीच्या तोंडात घातला. इथल्या तोंडातली चव तिथल्या माणसाला कशी कळणार, याचंच तिला नवल वाटत होतं.

ओवीनं डोळे गच्च मिटले, नाक मुरडलं.

"बुडालो!" अण्णांनी कपाळाला हात लावला.

"दम धरा अण्णा. पेढा दिला तरी पहिल्यांदा असंच तोंड करते ती," सोनाली म्हणाली.

तेवढ्यात ओवीनं डोळे उघडले आणि आणखी हवं म्हणून मोठ्ठा आ केला.

पलीकडून रफीकभाईंचं हसू ऐकू आलं. "भेज दो, अण्णा!" म्हणत त्यांनी फोन जरा खाली वळवला. त्यांच्या मांडीवर ओवीएवढीच नात बसली होती. ओवीकडं टक लावून बघत तिनंही आ केला होता.