बनियनमधली बॅटरी

बर्फात आमच्या छावणीतल्या एकुलत्या एका फोनची बॅटरी मान टाकते, म्हणून हवालदार ती दिवसभर बनियनमध्ये पोटाशी ठेवतो. गार बॅटरी पोटाला लावताना चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. “अंडी उबवताय का?” आम्ही चिडवतो. “पिल्लू निघालं की तुम्हीच सांभाळा,” म्हणतो. संध्याकाळी ऊबदार बॅटरी फोनमध्ये घालून आधी आम्हाला घरी बोलू देतो. काल आम्ही बोलतच सुटलो. त्याच्या पाळीला फोन आचके देत होता. “मी बोलतोय,” एवढंच म्हणून तो ऐकत राहिला आणि फोन बंद पडला. आम्ही ओशाळलो. “वहिनी काय म्हणाल्या?” “काही नाही. तिला माहितीये बॅटरी किती उरते. फोन शिलाई मशीनपाशी ठेवून शिवत बसते. खडखड ऐकली की वाटतं, आपण शेजारच्याच खोलीत आहोत.” गार बॅटरी त्याने पोटाशी सरकवली. या वेळी मात्र शहारला.