नवसाची करंगळी

"बोटाची सोनोग्राफी? मी काय पोटुशी हाय?" गरोदर बायकांच्या रांगेत बसलेल्या शेवंताक्का सुनेवर, उज्ज्वलावर, कडाडल्या. पायाच्या करंगळीला बुडाशी दोरा आवळल्यासारखी खाच पडली होती आणि ती दिवसेंदिवस खोल जात होती.

आत डॉक्टरीणबाईंनी थंडगार जेल लावून यंत्र फिरवलं. "हाड झिजलंय, पण रक्त अजून खेळतंय. ही खाच छोट्या ऑपरेशननं सोडवली तर बोट वाचेल. अनवाणी चालणं मात्र आजपासून बंद."

"नातू मांडीवर येईस्तोवर चप्पल घालणार न्हाई, असा देवीला नवस हाय माझा!" आक्का फणकारल्या. "चार गावं जाणत्यात."

उज्ज्वलानं मान खाली घातली. सासूच्या अनवाणी पावलागणिक गावानं तिच्याचकडं बघितलं होतं. तिनं आपल्या चपला काढून सासूच्या पायाशी सरकवल्या.

आक्का त्या चपलांकडं बघत राहिल्या. मग सुनेच्या उघड्या पावलांकडं.

"आता तू कशाला अनवाणी, भवाने?" त्या खेकसल्या. "घाल त्या पायात. आन् बाजारातनं माझ्या मापाच्या आण. देवीशी काय बोलायचं ते मी बोलीन. गावाशीबी."