उत्तर येईपर्यंत

"बोर्ड ठणठणीत आहे. म्हातारा झालाय तो प्रोसेसर," दुरुस्तीवाला म्हणाला. चालू कॉम्प्युटरचं बाजूचं झाकण काढून तो जमिनीवर फतकल मारून बसला होता. नवा प्रोसेसर त्याने येतानाच आणला होता. "हा बसवला की बाबांनी बटण दाबलं रे दाबलं की आवाज येईल. सध्या किती वेळ लागतो?"

"चहा गार होतो," मुलगी म्हणाली.

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला होता. तेव्हापासून ते एका बोटाने टाइप करायचे, बटण दाबायचे, आणि कॉम्प्युटर ते वाक्य मोठ्याने वाचायचा. म्हणजे वाचायचा कधीतरी. आधी पडद्यावर चक्र गरगर फिरत बसायचं. तोवर समोरचा माणूस उठून गेलेला असायचा. परवा "पंखा लावा" असं कॉम्प्युटर बोलला, तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं.

आणि हे बाबा कोण? तर ज्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे, ते! घरात दुसऱ्या कुणाचं वाक्य म्हणून पुरं व्हायचं नाही. आईचं तर नाहीच नाही. तिने "मला वाटतं" म्हणायचाच अवकाश, की "तुला काय कळतंय?" ठरलेलं. डॉक्टरांकडे पोट तिचं दुखायचं, आणि कुठे दुखतं ते हे सांगायचे. एकदा तर बाजूही चुकीची सांगितली. तिने तीच बाजू डॉक्टरांना तपासू दिली.

"बाबा, बसवायचा ना?" मुलीने विचारलं.

बाबांनी नव्या प्रोसेसरकडे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. एकेक अक्षर शोधत त्यांनी टाइप केलं आणि बटण दाबलं. चक्र फिरायला लागलं.

"नको," आई म्हणाली.

दुरुस्तीवाल्याचा स्क्रू ड्रायव्हर हवेतच राहिला.

"अगं आई, त्यांचं उत्तर तर येऊ दे!"

"येईल की सावकाश. मला कुठे घाई आहे?" आई खुर्ची ओढून बसली. "जन्मभर यांनी माझ्या तोंडातला शब्द हिसकावून घेतला. आता कुठे माझी वाक्यं पुरी व्हायला लागलीत. खरं सांगू? मजा येते मला. हे चक्र फिरत असतं तोवर मी बोलते, आणि हे ऐकतात. जातात कुठे?"

बाबा अस्वस्थ झाले. पडद्याकडे बोट दाखवून ते हाताने थांब, थांब म्हणत राहिले.

"बघ, अजून मधेमधे करायची खोड जात नाही," आई म्हणाली.

मुलगी चिडली. "किती दुष्टपणा करशील गं?"

तेवढ्यात चक्र थांबलं. कॉम्प्युटर आपल्या सपाट आवाजात बोलला, "आईला विचार. मी तिला कधीच काही विचारलं नाही. ती म्हणेल तसं."

मुलीला रडू फुटलं. दुरुस्तीवाला उगाच काढलेले स्क्रू मोजायला लागला. आईने बाबांकडे पाहिलं. बाबा तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होते.

"ऐकलंत ना यांचं?" ती दुरुस्तीवाल्याला म्हणाली. "लावा झाकण."